सगळ्यात कमी पाऱ्याचा डबा

माझा भाऊ मधुसूदन चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी हेड आहे आणि घरातही तो क्वालिटी हेडच असतो. त्यांच्या कंपनीत मोटारींच्या दारांचे बारीक भाग बनतात आणि थेट जर्मनीला जातात. त्यात शिसं किंवा पारा सापडला, तर तिकडची मंडळी अख्खा माल परत पाठवतात. म्हणून दादाच्या लॅबमध्ये पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. ते वस्तूवर रोखलं की आत काय काय आहे ते पडद्यावर दिसतं. दादा त्या यंत्राबद्दल जितक्या प्रेमानं बोलतो, तितक्या प्रेमानं वहिनीबद्दल बोलताना मी त्याला ऐकलेलं नाही.

कारखान्यात ‘डेव्हिएशन’ नावाची एक सोय असते. माल नापास झालाय, पण गाडी तर आजच भरायची आहे, मग एवढ्या वेळेपुरतं चालवून घ्या म्हणून वरच्या साहेबाची सही घ्यायची. दादानं अशी सही जन्मात केलेली नाही. हे तो बारशातही सांगतो आणि तेराव्यालाही.

त्याची मुलगी मधुवंती, म्हणजे माझी भाची, रंगानं सावळी. नाकीडोळी नीटस, आयटीत चांगल्या नोकरीला, बोलायला तिखट. रावेतच्या क्षितिजशी तिचं जमलं तेव्हा त्याच्या आई म्हणाल्या, “आम्हाला रंगाचं अजिबात काही नाही हं.” कुणी विचारलं नसताना माणूस हे सांगतो, तेव्हा काय समजायचं ते समजावं. पुढे त्या म्हणाल्या, “फक्त फोटो छान आले पाहिजेत. आमच्याकडे सगळेच उजळ आहेत ना, म्हणून.”

अरुंधती वहिनी दुसऱ्याच दिवशी काळेवाडीत रुपालीच्या पार्लरमध्ये गेली आणि क्रीमचा एक बिनलेबलाचा डबा घेऊन आली. रुपालीनं सांगितलं होतं, सगळं नॅचरल, केमिकलचं नाव नाही. त्या डब्यावर तर कशाचंच नाव नव्हतं. पण गुण असा आला की साखरपुड्याला मधुवंती ओळखू येईना. वहिनीचे पाय जमिनीवर राहीनात. दूधवाल्याची रोज उलटतपासणी घेणाऱ्या दादानंही हे कशानं झालं म्हणून विचारलं नाही. मुलगी गोरी होत असताना कोण चौकशी करतो?

बस्त्याच्या दिवशी मला तिच्या पायावर चपलेचा पट्टा रुतलेला दिसला. डोळ्यांखालीही सूज होती.

“अगं आत्या, दिवसभर खुर्चीत बसून असते मी. आमच्या ऑफिसात सगळ्यांचेच पाय सुजतात,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही. तिला धरून वाकडच्या डॉक्टरांकडे नेलं.

लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “चेहऱ्याला काय लावता?” मला वाटलं, हा काय प्रश्न झाला! पण ते म्हणाले, “अशा काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून आत जातो आणि किडनी खराब करतो. आजच बंद करा. वेळेत थांबलात तर बहुतेक भरून येईल. लावत राहिलात तर मी काही सांगू शकत नाही.”

दादा डबा घेऊन चाकणला गेला. त्यानं यंत्र रोखलं आणि पडद्यावर पाऱ्याचा आकडा हजारांत आला. कायद्यानं तो एकाच्या पुढे चालत नाही. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं डबा फेकून दिला. मला वाटलं, सुटलो.

क्रीम थांबलं आणि रंग परत यायला लागला. तोही सरळ येईना. गालांवर चट्टे, कपाळ वेगळं, मान वेगळी. तिकडे पत्रिकेवर साखरपुड्याचा फोटो छापून गावभर वाटून झाला होता. क्षितिजच्या आईंचा फोन आला, “मधुवंतीची तब्येत बरी आहे ना? जरा ओढलेली दिसते.” वहिनी दोन दिवस नुसती रडत होती. मग म्हणाली, “लग्नापुरतं लावू दे तिला. नंतर आहेच की औषधपाणी.”

“वहिनी, शुद्धीवर आहेस का तू?” मी ओरडले.

 दादा कंपनीच्या बैठकीत बोलतात तशा आवाजात म्हणाला, “फक्त लग्नाच्या दिवसापर्यंत. पातळ थर. रोज पायाची सूज बघायची. लग्न झालं की कायमचं बंद.”

“दादा, अरे ही तुझी मुलगी आहे!”

“म्हणूनच मी स्वतः लक्ष घालतोय, सुखदा.”

आणि त्यानं खरंच लक्ष घातलं. कामावरून येताना काळेवाडीत उतरून रुपालीकडून सहा डबे घेतले, दुसऱ्या दिवशी कंपनीत नेऊन एकेक तपासला आणि ज्यात पारा सगळ्यात कमी निघाला, तो निवडून मुलीच्या हातात दिला. बाकीचे पाच त्यानं रिजेक्ट केले. मला हसावं की रडावं ते कळेना. हसू आलं, हे सांगायला मला आज लाज वाटते.

लग्न थाटात झालं. फोटो अप्रतिम आले. मधुवंती नऊवारीत हळूहळू चालत होती. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

रावेतला पूजेच्या दिवशी ती पाटावरून उठलीच नाही. पाय खांबासारखे सुजले होते, धाप लागली होती. हॉस्पिटलात क्षितिज एका बाजूला उभा, त्याची आई दुसऱ्या बाजूला. “हे आधीपासून होतं का? आमच्यापासून लपवलंत का?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. हे कुणासाठी केलं होतं ते सांगायला वहिनीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटून घेतलं.

डॉक्टर तेच, वाकडचे होते. त्यांनी कागद पाहिले आणि मधुवंतीला विचारलं, “क्रीम तेव्हाच बंद केलं होतं ना?”

“नाही, लावत होते,” मधुवंती म्हणाली. तिला बोलताना दम लागत होता, पण आवाजात काळजी अजिबात नव्हती. “पण ते तसलं नाही, डॉक्टर. हे चांगलं होतं. तपासून घेतलेलं.”

“तपासून? कुणी तपासलं?”

 “मी,” दादा म्हणाला.

 मधुवंतीनं सुजलेल्या बोटांनी बाबांचा हात धरला, त्यांना धीर यावा म्हणून.