बिननावाची वाळू

"पेटत नाही," कंपनीचे साहेब म्हणाले.

शेगडीभोवती सगळी टोळी वाकून उभी होती. खाणीच्या विहिरीच्या तळातून सकाळीच काढलेला काळा तुकडा निखाऱ्यांवर ठेवून बराच वेळ झाला होता. तो तापला, कडेने राखाडी झाला, पण पेट घेईना. थोरल्याने फुंकणी घेतली आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं. रहाटाचे घोडे हाकणारा म्हातारा म्हणाला, "ओल असेल रे त्याला. माझ्या बायकोसारखं आहे, सकाळी सकाळी तापत नाही." एरवी या विनोदावर टोळी हसली असती.

साहेबांनी चिमट्याने तुकडा उचलून शेगडीच्या काठावर ठेवला. "ओल नाही. हा एकदा जळून गेलाय. त्याच्या खाली तो काळा कठीण दगड लागला ना, तो कधीकाळी वितळलेला होता. खालून वर चढला आणि कोळशाला चिकटला. सगळा थर जागच्या जागी भाजून निघालाय. माणूस जन्माला यायच्या आधीची गोष्ट आहे ही."

"मग आता?" थोरल्याने विचारलं.

"आता काय. विहीर बुजवायची."

दोन वर्षांचं सगळं मुसळ केरात गेलं होतं. त्या भागात कोळशासाठी विहीर खणायची ही पहिलीच वेळ. खाली काय लागेल हे साहेबांनाही पुस्तकात बघून अंदाजानेच सांगावं लागे, आणि थोरल्याच्या टोळीला तर साध्या पाण्याच्या विहिरींचीच सवय. पण टोळीचा एक जुना रिवाज होता. नव्या थराला ज्याची पहार पहिल्यांदा लागेल, त्याने त्या थराचं नाव ठेवायचं. थोरल्याचा धाकटा भाऊ या बाबतीत भलताच चलाख. थर बदलतोय असं वाटलं की तो इतरांना कोपराने ढकलून पुढे घुसायचा. वरची मऊ पिवळी माती, सांगाल तिथे वाकणारी, तिचं नाव त्याने ठेवलं 'नवी सून'. खालचा मुरूम सारखा टोचायचा, म्हणून ती 'नणंद'. मग वाळूचा जाड दगड लागला. पहारी बोथट झाल्या, सुरुंगाची दारू संपली, तरी तो जागचा हलेना. त्याला काय नाव पडलं असेल हे सांगायला नको. "सासू फुटली का?" असं रहाटवाला वरून ओरडायचा आणि खालून धाकटा ओरडायचा, "फुटतेय कसली, उलट मलाच सुनावतेय!"

सासूच्या खाली वाळू लागली. पांढरी, मैद्यासारखी बारीक, पाण्याने फुगलेली. तिलाही पहिली पहार धाकट्याचीच लागली, पण नाव ठेवायला त्याला वेळ मिळाला नाही. विहिरीची बाजू एकदम सुटली आणि ती वाळू दुधासारखी उतू आली. बाकीचे दोराला धरून वर आले. धाकटा बाजूच्या भगदाडात ओढला गेला. त्याचा हात थोरल्याच्या हातात आला होता, आणि सुटला.

भगदाडावर फळ्या ठोकून त्याच दिवशी विटांचं गोल कडं बांधायला घ्यावं लागलं, नाहीतर सगळी विहीरच गेली असती. कडं बांधायला थोरलाच उतरला. पाण्याचा जोर साठू नये म्हणून विटांत भोकं ठेवायची असतात, तीही त्यानेच ठेवली. आईला त्याने शब्द दिला, "कोळसा लागू दे. मोठे पंप येतील, पाणी आटेल. मग कडं फोडून मी त्याला वर आणतो." त्या दिवसापासून टोळीने एकाही थराला नाव दिलं नाही. रहाटाच्या डोलात बसून खाली जाताना ते कडं आलं की थोरला विटांवर तळवा टेकवायचा आणि पुढे उतरायचा. कोळसा हवा होता तो कंपनीला. थोरल्याला भाऊ हवा होता, आणि त्या भावासाठी तो कोळशाची वाट बघत होता.

"साहेब, बुजवायच्या आधी कडं फोडू द्या," टोळी पांगल्यावर तो म्हणाला.

"पंप येणार नाहीत आता. आणि पाणी असताना कडं फोडलंस तर ती वाळू पुन्हा सुटेल. खाली असेल तो वर येणार नाही." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एकापायी दुसरा घालवू का मी? तुझ्या आईला काय सांगू?"

साहेब बरोबर होते. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

घरी आई अंगणात पातेलं घासत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती घासायची थांबली नाही. पातेलं लख्ख झालं, तरी घासतच राहिली.

"म्हणजे नाही काढणार त्याला."

"नाही काढता येणार, आई."

"आणि वरून काय टाकणार? तो ढिगारा?"

"हो. निघालं तेच परत आत."

"दगड टाकू नकोस रे त्याच्या अंगावर," ती म्हणाली. "त्याच्या उंचीला आलात की माती टाक. एवढं तरी कर."

माती ढिगाऱ्याच्या अगदी तळाशी होती. पहिल्यांदा निघाली ती सगळ्यांत खाली गेली होती. हे त्याने आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी आणते."

बुजवायचं काम खणण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. दोन वर्षं छाती फोडून वर काढलेला दगड हातगाड्या उलट्या केल्या की धडधडत खाली जायचा. काही दिवसांतच भर कड्याच्या खालच्या काठाला येऊन लागली. थोरल्याने काम थांबवायला लावलं आणि दिवा घेऊन एकटाच डोलात बसला.

त्या जागी इतके दिवस तो दोराला लोंबकळतच येत-जात होता. कडं बांधल्यानंतर आज पहिल्यांदा पायाखाली जमीन होती. तो भिंतीला तोंड करून उभा राहिला. "आलो रे," म्हणाला. मग सवयीने विटांवर तळवा टेकवला आणि दोनदा थोपटलं.

आवाज पोकळ आला.

त्याने बाजूला थोपटलं, खाली थोपटलं. मग एका भोकाजवळची सैल वीट हलवली. ती हातात आली, आणि मागून काहीच बाहेर आलं नाही. ना पाण्याचा लोंढा, ना वाळू. नुसता गार वारा लागला. त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटं फिरवली. हाताला काही लागलं नाही. दिवा आत धरला तर उजेड पोचेल तिथपर्यंत काळी पोकळी होती आणि खोल कुठेतरी पाणी वाहत होतं.

तो तिथेच दगडांवर बसला. रोज सकाळी विहिरीच्या तळाशी पांढऱ्या वाळूचा पातळ थर साचलेला असायचा. भोकांतून पाण्याबरोबर झिरपून आलेला. काम सुरू करण्याआधी तो फावड्याने ओढून वर पाठवायचा, हे तर रोजचंच. वर बायका टपूनच असायच्या, कारण भांडी घासायला तशी बारीक वाळू दुसरीकडे मिळत नसे. पहिला डबा भरून आईला त्यानेच नेऊन दिला होता. किती छान आहे, म्हणाली होती ती.

धाकटा पाण्याबरोबर कुठे खोल गेला, की कणाकणाने आपल्याच फावड्यावर आला, हे आता कोण सांगणार? त्याने वीट पुन्हा जागेवर बसवली, तळव्याने ठोकून घट्ट केली आणि दोर हलवला.

वर आई मातीच्या पाट्यांपाशी बसली होती. शेजारणींनी शेतामागून माती आणून दिली होती आणि ती एकेका पाटीत हात घालून खडे वेचून बाजूला टाकत होती. त्याला डोलातून उतरताना बघून तिने विचारलं, "आहे का रे तिथे?"

"आहे."

"नीट आहे ना?"

"हो," तो म्हणाला. "माती पडू दे आता. पण जरा थांब."

तो घरी गेला आणि अंगणातला वाळूचा डबा घेऊन आला. विहिरीच्या काठावर गुडघे टेकून त्याने डबा आत उपडा केला. वाळू पांढरी दिसत दिसत खाली गेली.

"ती कशाला टाकलीस?" आई म्हणाली. "आता भांडी कशाने घासू मी?"

"राखेने घास," तो म्हणाला आणि डब्याच्या बुडाला चिकटलेली वाळू बोटाने खरवडून काढत राहिला.