बाबांची पन्नास वाक्यं

नो सिग्नल. निळ्या चौकोनात एवढीच अक्षरं, आणि तीही दहा सेकंदांत गायब. मग काळाकुट्ट पडदा आणि त्यात माझंच भेदरलेलं तोंड.

साडेअकरा वाजले होते. बारा वाजता बाबांना दवाखान्यात दाखल करायला निघायचं होतं. उद्या सकाळी त्यांची स्वरपेटी काढणार. त्याआधी त्यांनी निदान पन्नास वाक्यं माइकसमोर वाचली, तर पुढे बटणं दाबल्यावर त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र मिळणार होतं. तो प्रोग्रॅम फक्त याच कॉम्प्युटरवर. फोनवर चालत नाही, विचारून झालं होतं. आणि मी आठवडाभर 'उद्या करू, उद्या करू' करत बसले. माझ्यासारखी शहाणी मीच!

मॉनिटर बंद करून चालू केला. केबल बदलली. मेमरीची पट्टी काढून खोडरबरने घासली. आतला पंखा फिरतोय, दिवे लागतायत, पडदा मात्र ढिम्म.

"काल चालत होता ना?" बाबा मागून म्हणाले. आवाज पार घोगरा झालेला.

"चालत होता हो!"

"मग वायर एकदा…"

"बाबा, वायर बघितली मी! दोन मिनिटं गप्प बसा ना!"

ते गप्प बसले. आपण काय बोलून गेलो ते मला तेव्हा कळलं. वळून बघायची हिंमत होईना, म्हणून टेबलाखाली शिरले.

बाबांनी चाळीस वर्षं टेलिफोनच्या वायरी ओढल्या. लोंबकळती वायर दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. इथेही प्रत्येक वायर ओळंब्यात, दर वीतभरावर पांढऱ्या दोऱ्याची गाठ.

"हे कधी केलंत?"

ते बोलेनात.

"बोला हो बाबा, पाया पडते तुमच्या!"

"सकाळी. तू आंघोळीला गेलीस तेव्हा. माइकला गुंता नको म्हणून. मॉनिटरची वायर तिरकी जात होती, वरच्या भोकात सरळ बसली."

वरच्या! पडद्याची वायर खालच्या ग्राफिक्स कार्डात लागते. वरचं भोक बंदच, त्यातून पडद्यावर काही येत नाही. दिसायला दोन्ही सारखी. आणि मी नवी केबल आणली, तीसुद्धा मुकाट्याने त्याच भोकात खुपसली. बापलेक एका माळेचे मणी.

वायर खाली लावली. पडदा उजळला. बारा वाजायला आठ मिनिटं.

"वाचा बाबा, पटापट!"

ते वाचू लागले. "मला पाणी हवं आहे. खिडकी उघडा. मी बरा आहे." दर तिसऱ्या वाक्याला खोकला, की ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस झाली आणि धाकटा भाऊ किल्ली घेऊन दारात आला. "ताई, आता निघायलाच हवं. उशीर झाला तर दाखल करून घेणार नाहीत."

तरी मी आवाज तयार करायचं बटण दाबून पाहिलं. 'किमान पन्नास वाक्यं आवश्यक.'

टेबलावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले. "माझ्यामुळे झालं, बाबा."

त्यांनी पाठीवर हात ठेवला. "यंत्राला नाही पुरलं. तुला पुरेल?"

"नाही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "मला पण नाही पुरणार."

"मग गाडीत माझ्याशेजारी बस," ते म्हणाले. "दवाखाना येईपर्यंत बोलतो."