खुंटी नाही

मुलं गावाची, शिक्षक सरकारचे आणि भिंती त्या बांधून सांभाळणाऱ्या खासगी कंपनीच्या, असा तो भागीदारीतला संसार. फाइफच्या किनाऱ्यावरच्या त्या शाळेच्या नव्या इमारतीत साधा खिळा ठोकायचा तर मुख्याध्यापिकाबाईंनाही कंपनीकडे अर्ज करावा लागे.

इझोबेल पेट्रीने एकतीस वर्षं या शाळेचं सूप ढवळलं आणि जेवणाची पितळी घंटाही तिनेच वाजवली. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. जुनी इमारत पाडली तेव्हा घंटा तिनेच उचलून आणलेली. शेवटचं जेवण याच घंटेवर वाढीन, असं अख्ख्या गावाला सांगून बसली होती. आणि बुधवार उजाडला तरी घंटा आपली बटाट्याच्या पोत्याशेजारी जमिनीवर.

कंपनीतर्फे इमारत सांभाळायला होता तिचाच जावई, स्ट्रुअन.

"जावईबापू, एक खुंटी ठोकली तर हात झिजतील का तुमचे?"

"आई, नोकरी जाईल माझी. नवी खुंटी म्हणजे बदल. त्याला अर्ज, नकाशा, सह्या. सहा आठवडे."

"तेवढ्यात माझ्या लेकीने तुम्हाला पसंत केलं, लग्न केलं आणि पस्तावलीसुद्धा."

स्ट्रुअन हसला. "काही मोडलं असतं तर बरं होतं. दुरुस्ती चार तासांत झाली नाही तर कंपनीला दंड बसतो. परवा नळ गळला तर तिघं धावत आले."

इझोबेलने पळी खाली ठेवली, हात पुसले आणि कंपनीला फोन लावला.

"शाळेच्या स्वयंपाकघरातून बोलतेय. घंटेची खुंटी भिंतीवर नाही. घंटा जमिनीवर आहे, येता-जाता पायात येते."

"खुंटी कधीपासून नाही?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"मी बघतेय तेव्हापासून नाही, बाई. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे बिघाड. नोंदवते हं."

स्ट्रुअनने कपाळाला हात लावला. "आई, खुंटी कधी नव्हतीच!"

"मग मी वेगळं काय सांगितलं?"

दोन तासांत दोन माणसं आली. घोडा बांधावा अशी दणकट खुंटी त्यांनी बसवली, फोटो काढला, सही घेतली आणि वर मसुराचं सूप पिऊन गेली.

शुक्रवारी घंटा अशी दणाणली की बंदरावरचे पक्षी उडाले. मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या, "कंपनीच्या लक्षात आलं तर काढायला लावतील गं."

"लावू देत की." इझोबेलने त्यांच्या ताटात बटाट्याचा ढीग वाढला. "खुंटी आता त्यांच्या यादीत चढलीय. काढायची म्हणजे बदल. करा म्हणावं अर्ज."