तीन नंबरची ओळ

टोकाची खिट्टी अंगठ्याच्या नखाने दाबून त्यांनी तिसऱ्या पोर्टातली वायर ओढून काढली, टेबलावर सरळ करून ठेवली आणि ते फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. चेहरा जमेल तितका बेसावध केला. फोनवर चेहरा दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण आवाज चेहऱ्यातूनच येतो.

काळ्या डबीवरचा तिसरा हिरवा दिवा विझला होता. मागच्या खेपेला मुलगा आला तेव्हा ही डबी बसवून गेला. हिला स्विच म्हणतात असं त्याने सांगितल्यावर यांनी तिला चारी बाजूंनी न्याहाळून बटन शोधलं होतं. बटन नव्हतं. वायरी खोचायची आठ पोर्टं होती. एकात इंटरनेट, तिसऱ्यात टीव्ही आणि बाकीची सहा आ वासून. साधी डबी घेऊन भागलं असतं, पण हिला आज्ञा देता येतात, असं मुलगा म्हणाला होता. घरात आज्ञा पाळणारं कुणीतरी आलं, याचं त्यांना बरं वाटलं होतं.

आज्ञा एकच होती. टीव्हीचं पोर्ट बंद पडलं की मुलाच्या मोबाइलवर घंटी वाजवायची. टीव्ही झोपला तरी पोर्ट जागं असतं. तेच गेलं म्हणजे घरात काहीतरी बिनसलं. टीव्ही ठीक आणि बाबा बंद पडले तर काय, हा प्रश्न डबीच्या अखत्यारीत येत नव्हता. व्यवस्था उत्तम होती. इतकी उत्तम, की फोन करून खुशाली विचारायची गरजच उरली नाही. घंटी वाजली नाही, म्हणजे बाबा मजेत. बाबा कितीतरी आठवडे सलग मजेत होते. मग एकदा केर काढताना वायर निसटली आणि सुपली खाली ठेवायच्या आत फोन वाजला. तेव्हापासून वायर अधूनमधून निसटू लागली.

आताही फोन वाजला. त्यांनी तो थोडा वाजू दिला.

"बाबा, परत गेलं तीन नंबर."

"असं? माझं लक्षच नव्हतं."

"वायर नीट बसलीय का बघा."

"बसवतो. तू जेवलास का?"

"जेवतोच आहे. बाबा, हे आता फार होतंय. आज सोक्षमोक्ष लावून टाकू. तो जुना लॅपटॉप उघडा."

सोक्षमोक्ष हा शब्द त्यांना आवडला नाही. वायर परत खोचून त्यांनी लॅपटॉप उघडला, मुलाने सांगितलेले आकडे एका बोटाने टाइप केले आणि पासवर्डच्या जागी बायकोचं माहेरचं नाव घातलं. ते चुकायचं कारण नव्हतं.

"डबीचं पान आलं? आठ ओळी दिसतायत?"

"दिसतायत."

"तीन नंबरच्या ओळीत शेवटचा रकाना बघा. एररचा. वायर खराब असली की माहिती फाटून येते, ती तिथे मोजली जाते. किती आहेत?"

"समजा, शून्य असले तर?"

"तर वायर ठणठणीत आहे, घंटीच वेडी आहे. काढूनच टाकतो ती. तुम्हालाही कटकट नको आणि मलाही मीटिंगमधून उठायला नको."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. शून्यच होतं.

त्यांची सगळी नोकरी वेधशाळेत गेली होती. पर्जन्यमापकातलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं आणि वाचलं तेच लिहायचं. त्यांचा एक सहकारी घरी चहा पीत पाऊस लिहायचा. तो पकडला गेला, कारण त्याचा पाऊस कायम दहाच्या पटीत पडे. यांनी न पाहिलेला थेंबसुद्धा कधी लिहिला नव्हता.

"बाबा? किती?"

"सदतीस," ते म्हणाले.

पलीकडचं चावणं थांबलं.

"सदतीस?"

"सदतीस."

"चष्मा लावलाय ना?"

"आकडे वाचून निवृत्त झालोय मी. तू मला शिकवू नकोस."

"तसं नाही हो." पलीकडे ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "सदतीस म्हणजे आहेत की मग. घंटी काढून चालायचं नाही."

"तुझं तू बघ. मला काय."

"नवी वायर पाठवू?"

"नको, नको. इतकीही वाईट नाही."

"बरं. मग वेग कमी करून बघू. त्याच ओळीत वेगाच्या चौकटीत हजार असेल, तिथे शंभर निवडा आणि खाली अप्लाय दाबा."

थापेची सवय नसलेल्या माणसाचा हात थापेनंतर थोडा वेळ कामातून जातो. त्यांनी चौकट उघडली, शंभर निवडलं, अप्लाय दाबलं. पान एकदा कोरं झालं आणि परत भरलं.

"तीनला, बाबा. तुम्ही चारला लावलंत."

त्यांनी पाहिलं. खरंच चारला लागलं होतं. चुकलं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चारला लागलंय हे त्यांचं त्यांनाच आत्ता कळत होतं. म्हणजे पान तिकडेही उघडं होतं. हेच पान, ह्याच आठ ओळी, तीन नंबरची ओळ, आणि तिचा शेवटचा रकानासुद्धा.

खाली कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, तो बंद झाला. आपण काय बोलून गेलो, ते मुलाच्याही लक्षात आलं असावं.

त्यांनी चारला पुन्हा हजार केलं. मग पडद्यावर बोट टेकवून तिसरी ओळ धरली आणि तिला शंभर लावलं.

"लावलं."

"हं." मुलाने घसा साफ केला. "आता किती दाखवतंय?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकोणचाळीस."

"वाढतायत," मुलगा म्हणाला. "उद्या परत बघायला लागेल."