खालून पाहिलेली बेटं

मित्रांनो, मी नांगर आहे. शेतातला नाही, होडीचा. माझं वय झालं आहे. अंगावरचं जस्त जागोजागी उडालं आहे आणि दांड्याला थोडा बाक आला आहे. तरी मी अजून कामावर आहे. हे सांगतो आहे तेव्हाही कामावरच आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर ठोकाठोक चालायची. एकाने माझा दांडा कापला, दुसऱ्याने त्याला फाळ जोडले, तिसऱ्याने मला आकड्याला अडकवून वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवलं. बाहेर आलो तेव्हा मी चकचकीत होतो. कढईवाला म्हणाला, "नवरदेव दिसतोय," आणि पुढच्याला बुडवायला वळला. कौतुक म्हणाल तर ते पहिलं.

मला ज्याने विकत घेतलं त्याने यॉट हौसेखातर घेतली होती. यॉट म्हणजे शिडाची होडी, आत झोपायला आणि रांधायला जागा असलेली. ती कायम धक्क्याला बांधलेली असायची आणि तो पाहुण्यांना तिच्यावर बसवून चहा पाजायचा. दोरीने बांधलेल्या होडीला नांगराचं काय काम? मी पुढच्या टोकाखालच्या कप्प्यात रंगाच्या डब्यांखाली पडून राहिलो. माझी साखळी माझ्याच अंगावर गंजत होती.

मग ती यॉट जुनी म्हणून एका जोडप्याने स्वस्तात घेतली. मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. मालकीणबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून बटणांचं दुकान चालवायचे. बटणं, चेन, लेस, धाग्याची रिळं. त्या भावाला सगळे बटणशेठ म्हणत. बाईंनी पहिल्याच दिवशी कप्पा उपसला. मला दोन्ही हातांनी वर काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हा चांगला आहे की. उगाच कोंडून ठेवलाय बिचाऱ्याला."

मालक तेव्हा इंजिनात डोकं घालून बसले होते. "हं," म्हणाले.

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. इंजिन आणि सुकाणू मालकांचं. मी बाईंचा.

आमच्या बंदराच्या दक्षिणेला बेटांची लांब रांग आहे. तिकडे बारा महिने उकाडा असतो आणि पाणी कोमट असतं. सुरुवातीची बेटं मोठी, वस्तीची, धक्का असलेली. पुढे ती लहान होत जातात आणि धक्के संपतात. दोघे दरवर्षी सुट्टी काढून निघायचे आणि आदल्या वर्षापेक्षा थोडे पुढे जायचे. त्यांनी ती बेटं पाहिली. मी नाही पाहिली. मला बेटं खालून माहीत आहेत. एकाची वाळू रव्यासारखी होती, तिच्यात मी सहज रुतायचो. एकाचा चिखल काळा आणि चिकट, बाई मला वर काढून घासायच्या तरी तो दोन-दोन दिवस फाळांना धरून राहायचा. एकाच्या तळाशी पोवळ्याचे तुकडे होते, तिथे मी नुसता खडखडत जायचो. एका बेटाजवळ इतकं दाट गवत होतं की मी जमिनीला टेकायचोच नाही.

नांगर टाकायला दोन माणसं लागतात. एक पुढे, मला हळूहळू सोडणारं. एक मागे, होडी सावकाश मागे घेणारं, म्हणजे साखळी तळाशी लांब पसरते आणि मी जमिनीत रुततो. इंजिनाच्या आवाजात पुढचं बोलणं मागे ऐकू जात नाही. म्हणून लोक ओरडतात. तुम्ही कधी अशा खाडीत गेलात तर पाहा, नांगर टाकताना नवरा-बायको एकमेकांचं माहेर-सासर काढतात आणि बाकीच्या होड्यांवरचे लोक चहाचे कप घेऊन ऐकत बसतात. बाईंना ते आवडायचं नाही. त्यांनी खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांबा. उघडा पंजा म्हणजे मागे घ्या. डोक्यावर हात म्हणजे घट्ट बसला, इंजिन बंद करा. मालक खुणेकडे पाहत आणि तसं करत. आमच्या होडीवर कधी आरडाओरडा झाला नाही.

मी बसलो हे बाईंना कसं कळायचं, ते सांगतो. त्या चप्पल काढून साखळीवर पाऊल ठेवायच्या. मी घसरत असलो की साखळी थरथरते. बसलो की शांत होते. खाली मला ते पाऊल कळायचं. त्यात जोर नसायचा, नुसतं टेकवलेलं असायचं.

एकदा वादळात आसपासच्या सगळ्या होड्या सरकल्या, आमची जागची हलली नाही. सकाळी मला वर काढल्यावर बाई म्हणाल्या, "शाबास रे." मालकांनी मागून विचारलं, "मला म्हणालीस?" "तुम्हाला कशाला? तुम्ही तर घोरत होतात."

असं बरीच वर्षं चाललं. रांगेतलं शेवटचं बेट तेवढं राहिलं. ते दूर आहे, तिथे धक्का नाही, एका दिवसात जाऊन येता येत नाही. एका वर्षी इंजिन बिघडलं. एका वर्षी दुकानात पाणी शिरलं. मग बाई आजारी पडल्या. होडी पाण्यातून काढून ताडपत्रीखाली ठेवली गेली. माझी साखळी मिठाने चिकटून तिचा एक गोळा झाला. बाई गेल्या हे मला ताडपत्री बांधायला आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. "याची बायको वारली ना," एक म्हणाला. "हो, ती दोरी इकडे दे," दुसरा म्हणाला. मला काही वाटलं नाही. लोखंडाला काही वाटत नसतं असं म्हणतात, ते मला तेव्हा पटलं.

एके दिवशी ताडपत्री निघाली. मालक होते आणि बटणशेठ होता. बाईंनी शेवटच्या दिवसांत मालकांकडून कबूल करून घेतलं होतं की राहिलेलं बेट बघून यायचं, तिथे उतरायचं, आणि मग होडीचं काय ते करायचं. मालकांनी हो म्हटलं होतं. आता ते पार पाडायचं होतं. बटणशेठला होडीतलं काही कळत नव्हतं. त्याला होडी लागायचीही, पोटात ढवळायचं. तो आला होता, कारण दाजींना एकटं सोडू नको असं ताईने त्यालाही सांगितलं होतं.

मालकांनी साखळीच्या गोळ्यावर तेल ओतलं, हातोडीने ठोकून कड्या सुट्या केल्या. मला पुढच्या टोकावर अडकवलं. पहिल्यांदाच त्यांचा हात मला लागला. खाटेचा पाय उचलावा तसं त्यांनी मला उचललं.

आम्ही निघालो. मोठ्या बेटांवर धक्के होते, तिथे दोरीने बांधून राहिलो. पुढची लहान बेटं जवळजवळ आहेत. मालक सकाळी निघायचे, बेटाला एक फेरी मारायचे आणि पुन्हा धक्क्याला परत. उतरायचे नाहीत. मी टोकावर लोंबत कोरडाच राहिलो.

"दाजी," बटणशेठ म्हणाला, "बेट असं बसच्या खिडकीतून बघतात का?"

"दिसलं ना?"

"दिसलं. झाडं दिसली. झाडं माझ्या दुकानासमोर पण आहेत."

मालकांनी होडी धक्क्याकडे वळवली. ते बोलतच नव्हते. जेवताना बटणशेठ विचारायचा, "मीठ बरोबर आहे?" ते म्हणायचे, "हं." एकदा त्याने मीठ टाकलंच नाही आणि तेच विचारलं. तेव्हाही ते म्हणाले, "हं."

मग शेवटच्या बेटाकडे निघायचा दिवस आला. दिवस कलताना पोचलो. परत फिरायला उजेड पुरला नसता. मालकांनी बटणशेठला पुढे उभं केलं. "हा नांगर. ही साखळी. मी सांगितलं की सोड."

"एकच रात्र ना?"

"सकाळी निघू."

मी खाली गेलो. वर गवत आणि खाली वाळू असा तळ होता. मी गवतावर आडवा झालो. होडी मागे जाऊ लागली, मी तसाच ओढला गेलो. अजून रुतलो नव्हतो, रुतायला थोडं अंतर हवं होतं. तेवढ्यात इंजिन बंद झालं. वाऱ्याने होडी ढकलायला सुरुवात केली आणि मी तिच्या मागे फरफटत निघालो. पुढे तळ वर चढत होता. पुढे खडक होते. मला ते कळत होतं, पण मी कुणाला सांगणार?

मग एकदम इंजिन सुरू झालं, साखळी हिसके देत वर जाऊ लागली आणि मी गवताच्या पेंढीसकट बाहेर आलो. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावरचे शिंपले दिसत होते. होडी खोल पाण्यात गेल्यावर मालक सुकाणू सोडून पुढे आले. बाई गेल्यापासून इतक्या मोठ्याने त्यांना कुणी बोलताना ऐकलं नसेल.

"डोक्यावर हात कशाला ठेवलास?"

"टोपी उडत होती."

"डोक्यावर हात म्हणजे बसला! म्हणून मी इंजिन बंद केलं!"

"मला काय माहीत? मला कुणी सांगितलं? इतक्या दिवसांत तुम्ही दहा शब्द बोललात, त्यातले नऊ 'हं'."

मालक माझ्या शेजारी लाकडावर बसले. बटणशेठही बसला. साखळी ओढून त्याच्या तळहातांची साल गेली होती, तो त्यांवर फुंकर घालत होता. होडी नुसती डुलत होती.

"मूठ म्हणजे थांब," मालक म्हणाले. "पंजा म्हणजे मागे. हात डोक्यावर म्हणजे बसला."

"बरं."

"ती इथे उभी राहायची. मी तिकडे."

"आणि बसला हे ताईला कसं कळायचं?"

"ती खूण करायची."

"तुम्हाला ती खूण करायची. तिला कोण करायचं?"

माझ्या फाळात अडकलेलं गवत मालक एकेक काडी करून काढू लागले.

"मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

बटणशेठनेही दोन-चार काड्या काढल्या. मग म्हणाला, "परत फिरायचं का? ताईला मी सांगेन, तुम्ही आला होतात म्हणून."

"कुठे सांगशील?"

"ते पण खरंच."

उजेड कमी होत होता. फिरून जायचं तर लगेच ठरवायला हवं होतं, थांबायचं तर मी बसायला हवा होतो. मालक उठले. "तू मागे जा. सुकाणू धर."

"मी? अहो दाजी, मला सायकल धड येत नाही."

"सरळ धरून ठेव. पंजा दाखवला की हा दांडा मागे ओढायचा. हात डोक्यावर ठेवला की ही कळ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"आणि टोपी?"

"टोपी मी घालत नाही."

दुसऱ्यांदा खाली गेलो. मालक मला कडी-कडीने सोडत होते, लिफ्टचा दोर सोडावा तसं. गवत संपून वाळू लागते तिथे मी पोचलो. होडी मागे सरकली. मग साखळीला काहीतरी लागलं. पाऊल नव्हतं. मालक पालथे झोपून टोकावरून वाकले असावेत. साखळीभोवती त्यांनी बोटं आवळली होती. मी घसरत होतो, साखळी थरथरत होती, आणि ती मूठ सैल होत नव्हती. मग माझा फाळ वाळूत शिरला. थरथर कमी झाली आणि थांबली. इंजिन अजून ओढत होतं, पण मी हलत नव्हतो. मालकांनी लगेच खूण केली नाही, कारण इंजिन बराच वेळ चालूच राहिलं. हात साखळीवरून निघाला, पुन्हा आला, थोडा वेळ टेकून राहिला. मग निघाला आणि इंजिन बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी हलकी झाली. दोघे रबराच्या लहान होडीतून बेटावर गेले असणार. माणसं उतरली की साखळीला कळतं. दुपारी होडी पुन्हा जड झाली. ते बेट कसं आहे, तिथे झाडं आहेत की नुसते दगड, त्यांनी तिथे काय केलं, मला माहीत नाही. इथली वाळू बारीक आणि करड्या रंगाची आहे, एवढं मी सांगू शकतो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं आहे. खाऱ्या पाण्यातून काढलेल्या वस्तूला गोड्या पाण्याने धुवा, तिला कोंडून ठेवू नका, हे तर आहेच. पण दुसरं मागणं मोठं आहे. तुमच्या घरात कुणीतरी एखादं काम रोज करत असेल. तुम्ही पाठमोरे असता आणि ते होऊन जातं. दूध उतू जायच्या आधी कुणीतरी गॅस बंद करतं. ताप किती आहे ते कुणाला नुसता हात लावून कळतं. त्या माणसाला एकदा विचारा, तुला हे कसं कळतं? ते माणूस हातातलं काम दाखवेल तोवर शेजारी उभे राहा. सुट्टीत विचारू, मोकळा वेळ मिळाला की विचारू, असं करू नका. मालकांना बेट लांब वाटत होतं. बाई तर होडीच्या पुढच्याच टोकाला उभ्या असायच्या.

मी अजून खालीच आहे. वाळूत फाळ पूर्ण बुडाला आहे. सकाळी निघायचं होतं. ती सकाळ गेली, तिच्या नंतरचीही गेली. रोज होडी हलकी होते आणि दुपारी पुन्हा जड होते. वर कुणी अजून साखळी ओढलेली नाही.