बाईंनी न पाहिलेली सही

वकीलबाईंनी आयुष्यभर अशिलांना एकच सल्ला दिला होता: विचारलं तेवढंच बोला, घाबरू नका. आज शिस्तपालन समितीपुढे स्वतःची पाळी आली आणि बाईंच्याच तोंडचं पाणी पळालं.

तक्रार खरी होती. एका म्हाताऱ्या अशिलाच्या प्रतिज्ञापत्राखाली ‘माझ्यासमोर सही केली’ असं लिहून बाईंनी स्वतःची सही ठोकली होती. म्हातारा त्या दिवशी इस्पितळात होता. त्याची सही केली होती त्याच्या दिवट्या चिरंजीवांनी. कागद आत आणला कारकुनाने. “अशील बाहेर बाकावर बसलेत, माझ्यादेखत सही केली,” तो म्हणाला, आणि बाईंनी उठून दाराबाहेर डोकावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तेवीस वर्षांचा विश्वास, दुसरं काय!

समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीत बाईंच्याच हाताखाली तयार झालेला वकील. त्याला बाईंकडे बघवेना.

“बाई, कारकुनाने फसवलं, एवढं लिहून द्या. ताकीद देऊन विषय मिटवू.”

“आणि त्याचं काय?”

“त्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. पण तुमची सनद वाचेल.”

लिहिणार होत्या हो बाई, पेन उघडलंही होतं. पण घरी चार भिंती, आणि ऑफिसात हा एकटा कारकून. “बाई, जेवलात का?” असं विचारणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. सनदेपेक्षा त्यांना त्या रिकाम्या ऑफिसची जास्त भीती वाटली.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “न बघता लिहिलं.”

सनद वर्षभरासाठी गेली.

कारकून जिन्यापाशी ताटकळत उभा होता.

“माझं नाव निघालं का हो?”

“नाही.”

त्याचा जीव भांड्यात पडला. मग खाली बघत म्हणाला, “बाई, राग मानू नका. आता वर्षभर काम नाही म्हणजे माझं कसं व्हायचं? वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे बोलून ठेवलंय. उद्यापासून या म्हणालेत. फक्त तुमची चिठ्ठी हवी, की माझ्या कामात कधी खोट निघाली नाही.”

कधी बोलून ठेवलं, हे बाईंनी विचारलं नाही. कठड्यावर कागद टेकवून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि खाली सही केली.

त्याने ती दोनदा वाचली.

“तारीख राहिली, बाई.”

बाईंनी तारीख घातली.