म्हशीची धार कोण काढणार?

मी म्हैस बोलतेय. गाय नव्हे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी हात जोडायला नको. आमच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावायची पद्धत नाही. आम्ही दूध देतो, माणसं पितात. तेवढंच नातं, आणि ते मला मान्य आहे.

माझा जन्म साक्रीकडचा. निंबा नावाच्या माणसाच्या गोठ्यात, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे चारा पावसावर आणि पाऊस त्याच्या मर्जीवर. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून मला चांदी म्हणू लागले. पहिल्यांदा गाभण राहिले तेव्हा निंबाने मला आठवड्याच्या बाजारात उभं केलं. लोकांनी दात पाहिले, शेपूट पिळली, पोटात बोटं खुपसली. एक माणूस मात्र समोर नुसता उभा राहिला. उंच, पांढरी टोपी, तोंडात शब्द नाही. बराच वेळ पाहून झाल्यावर त्याने निंबाच्या हातावर हात ठेवला. तो अमृत, पारोळ्याजवळच्या खेड्यातला शेतकरी. टेम्पोतून नेताना त्याने वाटेत दोनदा गाडी थांबवून मला पाणी पाजलं. बोलला मात्र काही नाही.

बोलायची ती त्याची बायको, कोकिळा. मी पहिल्यांदा व्याले तेव्हा कासेला कोणाचा हात सोसेना. लाथा झाडायचे. कोकिळा बादली बाजूला ठेवून माझ्याजवळ बसली आणि दिवसभराची हकीकत सांगू लागली. कापूस वेचायला किती बाया आल्या, कोण कोणाशी भांडलं, लेक भूमिका शाळेतून रडत का आली. ऐकता ऐकता माझं दूध कधी उतरलं ते मलाही कळलं नाही. तेव्हापासून तिचा हात, तिचं गोठ्यातलं जुनं लुगडं आणि तिचं बोलणं, एवढं जमलं तरच मला पान्हा फुटतो. अशा म्हशीला एकहाती म्हणतात. लोक म्हणतात, म्हैस पान्हा चोरते. चोरायला मर्जी लागते. पान्हा माझ्या मर्जीने येत नाही आणि माझ्या मर्जीने थांबतही नाही.

अमृतला फिरायची आवड. उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की त्याचा पाय घरात टिकत नसे. काशी झाली, रामेश्वर झालं. तालुक्यातल्या शेतकऱ्यांबरोबर गुजरात झाला. दर वेळी ओट्यावर कोणीतरी विचारायचं, वहिनी येत नाहीत का? खांद्याला पिशवी लावत तो म्हणायचा, म्हशीची धार कोण काढणार? लोक माना डोलवायचे. कारण पटण्यासारखं होतं.

मी गोठ्यातून ऐकायचे. सुरुवातीला बरं वाटायचं. एवढं मोठं घर आपल्या एकटीवर अडलंय, असं वाटायचं. मग मी कोकिळेच्या तोंडाकडे पाहू लागले. ती दशम्यांचं फडकं बांधून त्याच्या हातात द्यायची आणि त्या दिवशी चारा टाकतानाही माझ्याशी बोलायची नाही. तो परत येऊन पिशवी खाली ठेवायचा आणि जेवायला मागायचा. काय पाहिलं ते तो सांगत नसे. तीही विचारत नसे.

अशी वर्षं गेली. भूमिका शिकली, पुण्यात नोकरीला लागली. शेजारचा हेमराज गेल्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन स्वित्झर्लंडला जाऊन आला. बर्फात उभी असलेली, लुगड्यावर कोट घातलेली बायको त्याने फोनमध्ये गावभर दाखवली. मलाही दाखवली. ते पाहून भूमिकेच्या मनाने घेतलं की आपल्या आईबापांनी युरोप पाहावा. तिने दोघांचे पासपोर्ट काढवले, सहल कंपनीच्या मेअखेरच्या चार सहली फोनवर पाठवल्या आणि सांगितलं, पाडव्यापर्यंत एक निवडा.

निवड झाली ती गोठ्यात. कोकिळेला बसायला वेळ धारेपुरताच असतो. अमृत दावणीच्या खांबाला टेकून फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा आणि ती सड ओढता ओढता एकेक देश मोडीत काढायची. स्वित्झर्लंडवर म्हणाली, बर्फ काय पाहायचा, फ्रीजमधला रोज खरवडते मी. पॅरिसचा उंच मनोरा दाखवला तर म्हणाली, असले लोखंडी टॉवर आपल्याच शेतातून गेलेत, त्यांच्याखाली पीकसुद्धा नीट येत नाही. हॉलंडची फुलं पाहून थोडी थांबली. पण भूमिका म्हणाली, मे संपेपर्यंत ती संपलेली असतात.

मग कोकिळेने विचारलं, त्या बाजूला सगळ्यात लहान देश कोणता? लवकर पाहून होईल असा. भूमिका फोनवर पोट धरून हसली. म्हणाली, माय, जेवणाआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून होईल एवढा लहान देश आहे, पण तो इटलीच्या पोटात आहे. आणि इटलीत आपल्यासारख्या काळ्या म्हशीही आहेत, त्यांच्या दुधाचं पांढरं चीज जगभर जातं.

कोकिळेचा हात थांबला. म्हशी? तिथल्या बायका म्हशी सोडून बाहेर पडत असतील ना, तिने विचारलं. कशा पडतात ते तरी पाहता येईल.

अमृत म्हणाला, एवढ्या लांब जाऊन म्हशीच पाहायच्या? पण त्याने इटलीवर बोट ठेवलं. मला वाटलं, ठरलं. तेवढ्यात कोकिळा बादली उचलून शांतपणे म्हणाली, ठरवायला बरं वाटलं. पण यंदा मला जमायचं नाही.

इथे माझं सांगणं आलं. म्हैस बारा महिने दूध देत नाही. मी दर साली श्रावणात विते आणि चैत्र सरता सरता आटते. उन्हाळाभर कासेत थेंब नसतो. तेव्हा चारापाणी कोणीही करावं. यंदा मात्र माझं उशिरा झालं. गाभण राहायला वेळ गेला आणि मी पौषात व्याले. रेडकू आठवड्यात गेलं. ते असतं तर त्याने तोंड लावून पान्हा फोडला असता. आता कोकिळेच्या हाताशिवाय काही उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भर उन्हाळ्यात मी दुधात होते आणि नेमक्या याच उन्हाळ्यात तिला कोणी चल म्हणालं होतं.

अमृत म्हणाला, तुझं नेहमीचंच. त्या म्हशीपायी तू कधी घराबाहेर पडली नाहीस.

कोकिळेने त्याच्याकडे वळून पाहिलं. आवाज चढवला नाही.

"दर उन्हायामा ती आटेल ऱ्हास. तवय काब्र नही इचारं?"

तेव्हा का नाही विचारलं, एवढंच बोलून ती दूध घेऊन घरात गेली. अमृत खांबाशी उभा राहिला. फोनचा उजेड विझला तरी तो तसाच होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने नजर फिरवली. इतकी वर्षं त्याने माझं नाव पुढे केलं होतं, आणि त्यातल्या एकाही उन्हाळ्यात मी दुधात नव्हते. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तो अवेळी गोठ्यात येऊ लागला. भर दुपारी सरकी घालायचा. पाठीवर पाणी मारायचा. माणसाला अपराधी वाटलं की तो जनावराला खायला घालतो. ज्याच्याकडे कबूल करायचं त्याच्याकडे जायला पाय उचलत नाहीत, म्हणून.

मग त्याने माणसं आणून पाहिली. गावात दूध गोळा करणारा तोताराम आला, हात लावला, कोपऱ्यात जाऊन पडला. हेमराजची आई सुगंधाबाई आली. तिने गूळ दिला, मान खाजवली. गूळ मी खाल्ला. दूध आलं नाही. मी मुद्दाम करत नव्हते. आत कास तटतटून दुखत होती. हे दूध उतरलं तर कोकिळा जाईल, हेही मला कळत होतं. तरी उतरेना. देहाने केलेल्या गोष्टीचीही लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी सुगंधाबाईच अमृतला म्हणाली, तुझा वास तिला ओळखीचा आहे. बायकोचं गोठ्यातलं लुगडं नेस आणि तूच बस.

अमृतने आयुष्यात कोणासमोर मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. टोपी तिरकी झालेली त्याला चालत नसे. तिसऱ्या दिवशी टोपी खुंटीला लावून, पायजम्यावरच लुगडं गुंडाळून तो माझ्या कासेशी बसला. वास तिचा, हात त्याचा. मी गोंधळले, एक लाथ बसली. तो उठला, नडगी चोळली, परत बसला. तेव्हा थोडी धार आली. थोडी, पण आली.

हेमराजने भिंतीवरून पाहिलंच, आणि त्यालाच वहिनी समजल्यासारखं करून भाऊ घरात आहेत का विचारलं.

"वहिनी, भाऊ घरमा शेतस का?"

मला वाटलं, आता बादली उडणार. अमृतने मान वर केली नाही. "भाऊ धार काढी ऱ्हायना," तो म्हणाला. "बस. चहा पी." हेमराज चहा न पिताच गेला.

अजून कोणाला जमतंय का, ते पाडव्यापर्यंत पाहिलं. जमलं नाही. माझं दूध दोघांच्याच हाताला येत होतं आणि त्या दोघांनाच जायचं होतं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी अमृतने भूमिकेला फोन लावला आणि सांगितलं, माझ्या जागी तुझं नाव घाल. मायबरोबर तू जा. कोकिळा मागेच उभी होती. ती म्हणाली, असं कसं, तुमच्यासाठी तर ठरवलं होतं. आणि नवऱ्याला लुगडं नेसवून बायको विमानात बसली, असं गाव म्हणेल. मला तिथे घास गिळेल का?

अमृतने माझ्या गळ्यातली दोरी उगाच सोडून परत बांधली.

"तू जाय. मी शे आठे."

मी इथे आहे, यापेक्षा जास्त तो बोलला नाही. त्याला त्याहून जास्त येत नाही.

जायच्या दिवशी सकाळी कोकिळेने मला दोनदा खुराकाचं आंबोण दिलं. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. नवी साडी सांभाळत ती माझ्या कानाशी आली. "त्यासले बोलता येत नही," म्हणाली. "तू समजी ले." मग गाडी गेली.

पहिले दिवस वाईट गेले. त्याची बोटं सुजली, माझी कास सुजली. पाव बादलीसुद्धा भरेना. लुगडं होतं, हात होता, पण बोलणं नव्हतं. त्याला ते उमगलं असावं. एका संध्याकाळी त्याने घसा खाकरला आणि माझ्या पोटाला कपाळ टेकून काशीचं सांगू लागला. नदी किती रुंद, घाटावर पायऱ्या कशा, पहाटे नावेत बसल्यावर अंगावर कसा काटा आला. दुसऱ्या दिवशी रामेश्वर. तिथला समुद्र, त्यातला लांब पूल. जे बायकोला कधी सांगितलं नाही ते तो म्हशीला सांगत होता. प्रत्येक गोष्ट संपली की थोडा थांबून म्हणायचा, हिने नाही पाहिलं. मी पाय हलवला नाही. दूध अर्ध्या बादलीपर्यंत येऊ लागलं.

इटलीतून फोन आला तो असाच धारेच्या वेळी. तो लुगड्यात बसलेला पाहून भूमिका हसत सुटली. कोकिळा हसली नाही. तिने आधी विचारलं ते माझं. धार देते का? नीट देते का? तिची ती नजर मी ओळखते. तो नाही म्हणाला असता तर ती पुढच्या विमानाने परत आली असती. अमृतने फोन बादलीवर धरला. बादली अर्धीच होती, पण वर फेस भरपूर होता. त्याने फेस दाखवला.

"देस. तू फिर."

तिने मागचं कुंपण दाखवलं. त्यापलीकडे खरंच म्हशी होत्या, काळ्या, चिखलात बसलेल्या. मी पाहिल्या. ठीक होत्या. मग कोकिळा म्हणाली, बरं, ठेवते. तेव्हा अमृतने तिला असं काही विचारलं की मी मान वळवून पाहिलं.

"काय काय देखं? सांग."

ती गोंधळली. मग एका दगडी कठड्यावर बसली आणि सांगू लागली. समुद्र, गल्ल्या, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, म्हैसवाल्या बाईने दिलेलं ते पांढरं चीज, आपल्या पनीरहून मऊ आणि थोडं खारट. तो ऐकत राहिला. त्याची बोटं सडांवर तशीच थांबली. त्या संध्याकाळी माझी धार अर्धीच राहिली, आणि या वेळी चूक माझी नव्हती.

आता ती परत यायला दोन दिवस आहेत. कास अजून दुखते, त्याची नडगी अजून काळीनिळी आहे. मी दूध देते आहे, जेवढं येतं तेवढं. मला अजून वाटतं की मी एकहाती नसते तर आज दोघं त्या कठड्यावर बसले असते. त्यालाही रोज तसंच काही वाटत असणार. आम्ही दोघं एकमेकांशी त्याबद्दल बोलत नाही.

माझं मागणं लहान आहे. घरात दुभती म्हैस आणाल तेव्हा पहिल्या दिवसापासून तिला दोघांचेही हात लावा. आणि कोणाला बरोबर न्यायचं मनात नसेल, तर तसं तोंडाने सांगा. मध्ये म्हशीला उभं करू नका.